आबांच्या हाताने मोजलेलं घर

घर बांधायचं ठरलं तेव्हा आईची नजर जवळजवळ गेलेली होती. काचबिंदू. उजेड आणि सावली एवढंच तिला कळे. समोर माणूस उभा आहे हे कळे, पण कोण आहे ते आवाजावरून. आम्ही तेव्हा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. कसबा बावड्याच्या टोकाला, जिथे वस्ती संपून ऊस लागतो, तिथे आमचा एक प्लॉट बरीच वर्षं पडून होता. त्यावर बांधू या म्हटल्यावर आईने एकच अट घातली.

"घरात माझी मी हिंडाय आली पायजे. दर येळंला कुणीतरी हाताला धरून न्या, असं व्हणार असंल तर मला वाडीला सोडा. मी लेकीकडं ऱ्हातो."

वाडी म्हणजे नृसिंहवाडी. माझी थोरली बहीण तिथे दिलेली आहे. तिचं घर देवळाच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. आईला तिथे एक कॉट मिळाली असती, कॉटपासून मोरी चार पावलांवर, आणि काकड आरतीचा आवाज. बहिणीची तयारी होतीच. पण तिथे गेल्यावर आई कॉटवरून फारशी उठणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आईचं बोलणं रागाचं नव्हतं. सरळ अट होती, आणि मी ती तशीच घेतली. घर असं हवं की आई त्यात एकटी चालेल, नाहीतर आई घरात नाही.

माझी नोकरी वजनमापं तपासण्याची. दुकानातले तराजू, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, पेट्रोलपंपावरची मापं तपासायची, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर मारायचा नाही. अर्धं आयुष्य यात गेलं आहे. 'अंदाजे' हा शब्द ऐकला की मी अजूनही मान वर करतो.

आर्किटेक्ट म्हणून ज्या बाई आम्ही धरल्या, त्या माझ्या निम्म्या वयाच्या. मी त्यांना माझा आराखडा दाखवला. चौकोनी डबा, मधून बोळ, दोन्हीकडे खोल्या. त्यांनी तो पाहिला, घडी करून मला परत दिला आणि विचारलं, "आईंना उजेड कळतो ना?"

"कळतो."

"मग उजेड घराच्या मधोमध ठेवू. त्या कुठेही असल्या तरी चौक कुठल्या अंगाला आहे हे त्यांच्या चेहऱ्याला कळेल."

मला परंपरेचं फारसं काही नाही. पण हे कारण पटलं. घराला चौक आला. पुढे सोपा, म्हणजे ओसरी, आला, भिंतींत कोनाडे आले. बाकी सगळं आजचं: आरसीसीचे खांब, सरकत्या काचा, वर सोलर, स्वयंपाकघरात ड्रॉवरवाले ओटे. उंबरा आईच्या पायाला लागेल म्हणून त्यांनी तो जमिनीच्या पातळीत बसवला, पण काळ्या दगडाचा, टाकीने खडबडीत केलेला. पावलाला कळलं पाहिजे की खोली बदलली. जुनं नि नवं असं जोडलेलं मला आवडलं, कारण प्रत्येक ठिकाणी त्याचं काहीतरी काम होतं.

मग त्या म्हणाल्या, "माप कोणाच्या हाताचं धरायचं?"

मी म्हटलं, "बाई, मी सरकारी मापाचा माणूस. हाताने कापड मोजणाऱ्याला मी नोटीस देतो."

"नकाशा मिलिमीटरमध्येच असेल," त्या म्हणाल्या. "पण घरातली प्रत्येक लांबी एकाच मापाच्या पटीत ठेवू. जुन्या पद्धतीत ते माप घराच्या मालकाचा हात असतं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सगळं एका पटीत असलं की चालणाऱ्याच्या अंगाला घर पाठ होतं. डोळे लागत नाहीत."

त्यांनी मला आयाचा, म्हणजे घराच्या शुभाशुभाचा, हिशेबही समजावला. लांबी आणि रुंदी हातात मोजायची, गुणाकार करायचा, आठाने भागायचं. बाकी विषम उरली तर चांगलं, सम उरली तर नाही. एक उरला तर ध्वज, दोन म्हणजे धूर, चार म्हणजे कुत्रं, सहा म्हणजे गाढव. नऊ हात बाय नऊ हात चौक: एक्याऐंशी, बाकी एक. ध्वज. विश्वास कशावर ठेवायचा हा प्रश्न वेगळा, पण भागाकार मला बरा वाटला.

माझ्या बायकोने विचारलं, "गाढव आलं तर काय होतं हो?"

आबा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "काय व्हतंय? त्याला बी लोक घर बांधून देत्यात. तुझ्या नवऱ्याला देत्यातच की."

मालक कोण, यावर वाद झाला नाही. सातबारा माझ्या नावाचा असला तरी आबा असताना माझा हात मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही. अडचण दुसरीच होती. आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर तरुणपणीच यंत्रात गेलं होतं. बोट दुसऱ्या पेरावरच संपायचं, गोल, नखाशिवाय. इतकी वर्षं आम्ही तो हात बघत आलो होतो, की काही कमी आहे हे कुणाला दिसतच नसे.

जेवणाच्या टेबलावर बाईंसमोर आबांनी कोपर टेकवलं. मी खात्याची स्टीलची पट्टी लावली. चारशे पंचवीस मिलिमीटर.

"डावा घेऊ," मी म्हटलं. डावा भरला चारशे पन्नास.

"डावा कशाला?" आबा म्हणाले. "घराचं माप डाव्या हातानं घेत्यात व्हय? उद्या वास्तुशांतीला डाव्या हातानं पाणी सोडशील."

"मग उजवाच घेऊ, पण पंचवीस मिलिमीटर त्यात धरू. माप अपुरं आहे हे."

"काय अपुरं हाय? माझा हात हायच एवढा."

"आबा, पेर गेलंय तुमचं."

"व्हय की. गेलं त्ये गेलं. ज्ये हाय त्ये मोज. न्हाईतर त्या कारखान्यात जा, गाळात शोध, गावलं तर आण. मग धरू."

बाई हसल्या. आई पलंगावर बसून ऐकत होती, तीही हसली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हात जसा आहे तसाच घेतात." मी वर्षानुवर्षं लोकांची अपुरी मापं जप्त करत आलो, आणि त्या दिवशी सहीनिशी एक अपुरं माप मान्य केलं. चारशे पंचवीस मिलिमीटरची सागवानी काठी सुताराकडून करून घेतली.

जोतं पूर्ण झालं आणि आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सोपं मरण आलं, असं सगळे म्हणाले.

मला तेव्हा कळलं की आईच्या नजरेबद्दल आपण फार काही केलेलंच नव्हतं. सगळं आबांनी केलं होतं. फ्लॅटमध्ये ती मोरीत जाताना, देवाजवळ जाताना, गॅलरीत जाताना ते उजवा हात मागे करायचे आणि ती ते थोटं बोट मुठीत धरायची. "ह्ये बोट बरं," ती म्हणायची. "नख न्हाय. टोचत न्हाय." आबा गेल्यावर बायको हात द्यायला जायची, मी जायचो. आई आमचा हात बाजूला करायची आणि भिंतीला धरून एकटी निघायची. दोनदा खुर्चीवर आदळली. आणि पुन्हा तिने वाडीचं काढलं.

बाईंना मी हे सांगितलं. त्या आठ दिवसांनी एक चित्र घेऊन आल्या. आईच्या वावरण्याच्या सगळ्या भिंतींवर, खाली सोडलेला हात सहज टेकेल अशा उंचीवर, सागवानी पट्टी बसवायची. जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवर नक्षी असते तशी, पण इथे नक्षी नाही. दर एका हाताच्या अंतरावर फक्त एक आडवी खाच, बोटाच्या टोकाला कळेल इतकी. खोलीपासून मोरी पाच खाचा. सोप्यातून दारापर्यंत सात. सगळ्यात लांब भिंत चौकाच्या कडेची, आईच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत: सतरा हात. सतराव्या खाचेनंतर उजवीकडे दार.

"सतरा का?" मी विचारलं.

"आठाने भागा," बाई म्हणाल्या. बाकी एक.

सुताराने खाचा आबांच्याच काठीने आखल्या. मी प्रत्येक तपासली. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

राहायला गेलो तेव्हा गळीत हंगाम चालू होता. कारखान्याच्या चिमणीची काजळी बारीक पाकळ्यांसारखी चौकात उतरायची आणि सगळ्या घरात मळीचा गोड वास. आई दोन दिवसांत मोरी शिकली, तिसऱ्या दिवशी सोपा. उजवा हात पट्टीवर, ओठ हलताहेत, एक, दोन, तीन. पावलाखाली खडबडीत दगड आला की थांबायची, मग आत. बायको म्हणाली, "आत्ती, तुम्ही तर आमच्यापेक्षा बेगीनं जाताय." आई खूश झाली. दाखवलं नाही, पण झाली.

फक्त लांब भिंत तिला जमेना.

पहिल्यांदा तिचं कपाळ भिंतीवर आपटलं तेव्हा आम्हाला वाटलं, सवय नाही. दाराच्या अलीकडे, बरोबर एक हात आधी ती वळली होती.

"सतरा झाल्या की," ती म्हणाली.

"सोळा झाल्या असतील, आई."

"मला सतरा मोजता येत न्हाईत व्हय रं?"

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी भुवईवर खोक पडली. मी तिच्याबरोबर चाललो, मोठ्याने मोजत. सतराच भरल्या, ती दारातून बरोबर आत गेली. मी बाजूला झालो की पुन्हा एक हात अलीकडे वळायची. परत येताना, डावा हात पट्टीवर असला की, कधीच चूक नाही. जाताना, उजव्या हाताने, एकटी असली की मात्र एक खाच जास्त.

मी तपासणी केली. स्टीलचा टेप लावला. पट्टीला दोन सांधे होते, ते नखालाही लागत नव्हते. गाठ नाही, तडा नाही, खिळा नाही. खाचा सतरा. शेजारी आबांची काठी ठेवून पुन्हा मोजल्या. माझ्या नोकरीत याला 'माप बरोबर, वापरणाऱ्याची चूक' म्हणतात. मी आईला तसं म्हणालो नाही, पण तिला ते कळलं.

"नजर गेली त्ये ठीक हाय," त्या संध्याकाळी ती जेवता जेवता म्हणाली. "आता डोस्कं बी चाललं म्हणा. सतरा आकडं ऱ्हाईनात डोस्क्यात. फोन लाव आक्काला."

मी लावला नाही. बायकोने लावला, कारण आईने तिलाही सांगितलं होतं, आणि खोक बघून ती घाबरली होती. बहीण कवठाची बर्फी आणि रिकामी बॅग घेऊन आली. आल्या आल्या तिने आईच्या कपाळाला हात लावला आणि मला सोप्यात बाजूला घेतलं.

"एवढं घर बांधलास. चौक काय, दगड काय. आणि आईचं डोकं फुटतंय रोज. तुझ्या मापाचं लोणचं घालू काय मी?"

"माप बरोबर आहे, आक्का."

"मग आई खोटं बोलती म्हण."

"तसं नाही म्हणत."

"मग काय म्हणतोस? मी परवा तिला घेऊन जातो. तितं आठ फुटाची खोली हाय. आपटाय जागाच न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण आईच्या खोलीत तिची पातळं घडी करत होती. आई सोप्यात, उन्हाला पाठ करून. भर दुपारचं ऊन, चौकातली फरशी पांढरी झालेली. बाहेरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर गेला आणि मग सगळं गप्प झालं. मी आईच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. कुणी बघत नाही असं बघून डोळे मिटले आणि उजवा हात पट्टीवर ठेवला.

अठरा भरल्या.

मी दारात होतो. हात पट्टीच्या शेवटच्या टोकावर, पायाखाली खडबडीत दगड. मी परत गेलो, पुन्हा डोळे मिटून आलो. अठरा. डोळे उघडे ठेवून आलो, सतरा. प्रत्येक खाचेवर थांबून डोळे उघडत आलो, सतरा. एका दमात, न बघता, अठरा.

मला भीती वाटली असं म्हणणं बरोबर होणार नाही. एकाच वजनाने तराजू दोनदा वेगळा बसला की जसं होतं तसं झालं. असं होऊ शकत नाही, आणि झालेलं आहे.

बायकोला बोलावलं. तिला काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मी डोळे मिटून जातो. तू माझ्या हाताकडे बघ आणि खाचा मोज."

मी गेलो. दारात पोचल्यावर वळलो. "किती?"

"सतरा. का?"

"माझ्या अठरा झाल्या."

तिने पट्टीकडे बघितलं. मग म्हणाली, "मधेच हात सुटला तुमचा पट्टीवरनं."

"कुठे?"

"हितं, चौकाच्या कोपऱ्याजवळ. बोटं मिटल्यासारखी केली तुम्ही आणि थोडं तसंच गेलात. मला वाटलं तोल गेला. मग परत टेकवला हात." तिने आपला हात हवेत धरून दाखवला. मूठ पूर्ण मिटलेली नव्हती. आत काहीतरी असल्यासारखी होती.

माझा हात एकदाही सुटला नव्हता. मला सलग लाकूड लागत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

"आत्तींना सांगू नका," ती म्हणाली. आणि तिने पदराने हात पुसले, ओले नसताना.

त्या दुपारी मी एक हिशेब केला. करायला नको होता. आबांचा हात चारशे पंचवीस. गेलेलं पेर पंचवीस. म्हणजे घरातला प्रत्येक हात एका पेराने कमी. लांब भिंतीवर असे सतरा हात. सतरा पेरं. सतरा गुणिले पंचवीस, चारशे पंचवीस. मी पुन्हा गुणाकार केला, तो चुकण्यासारखा नव्हता. त्या भिंतीवर जेवढं कमी पडत आलं होतं, ते सगळं एकत्र केलं तर बरोबर एक हात होत होता. एक आख्खा, आबांचा हात.

घरातल्या दुसऱ्या कुठल्या भिंतीला ते होत नव्हतं. इतर भिंती आखूड होत्या.

आर्किटेक्ट बाई काचेच्या दाराचं काहीतरी बघायला संध्याकाळी येणारच होत्या. आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, हिशेबासकट. त्यांनी ऐकून घेतलं. "सतरा मी आयासाठी धरले होते," त्या म्हणाल्या. "पेराचा हिशेब माझ्या डोक्यात नव्हता." मग त्या आईच्या दारापाशी गेल्या, डोळे मिटले आणि चालत आल्या. हळू आल्या. चौकाच्या कोपऱ्याजवळ मी दुसरीकडे बघितलं. तिथे बघायचं नाही असं मी ठरवलेलं नव्हतं, पण नाही बघितलं.

दारात येऊन त्या उभ्या राहिल्या. "किती?" मी विचारलं.

"मी मोजल्या नाहीत," त्या म्हणाल्या. त्या आपल्या उजव्या हाताची बोटं चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पट्टी काढून टाकायची का? एका दिवसात निघेल. दुसरी साधी बसवू, खाचांशिवाय."

पण खाचांशिवाय आई चालणार कशी? पट्टी काढली तर आई वाडीला. ठेवली आणि सतराच म्हणत राहिलो, तरी आई वाडीला. बॅग भरून सोप्यात ठेवलेली होती. बहीण सकाळच्या एसटीने निघणार होती.

सकाळी चहा झाला. मी आईच्या खोलीत गेलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती, नवं पातळ नेसून, हात मांडीवर. जायला तयार झालेलं माणूस बसतं तशी.

"आई, लांब भिंतीच्या खाचा," मी म्हटलं. "मी परत मोजल्या."

"किती हाईत?"

माझ्या मागे दारात बहीण उभी होती. तिच्या मागे बायको. मी आजपर्यंत चुकीच्या मापावर शिक्का मारलेला नाही. दुकानदारांनी चहा पुढे केला, हात जोडले, वरून फोन आले, तरी नाही.

"अठरा," मी म्हटलं.

"आँ?" बहीण म्हणाली. "परवा तर सतरा म्हणत हुतास."

"चुकलो होतो."

आई जराशी हसली. "मी म्हणत न्हवतो? डोस्कं ठिकाणावर हाय माझं."

ती उठली. उजवा हात पट्टीवर ठेवला. आम्ही तिघं दारातच राहिलो, बहीण पुढे सरकली तर बायकोने तिचा दंड धरला. आई निघाली. चौकातून सकाळचा तिरपा उजेड तिच्या डाव्या गालावर. ओठ हलत होते. कोपऱ्यापर्यंत मी बघितलं. मग खाली फरशीकडे बघत राहिलो, तिथे काजळीचे ठिपके होते, आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिलो. मधे दोन पावलं हळू पडली. कुणाच्या तरी चालीशी चाल जुळवताना पडतात तशी. मग पुन्हा पहिल्यासारखी.

खडबडीत दगडावर पाऊल घासल्याचा आवाज आला, आणि स्वयंपाकघरातून तिचा. "ह्यो गॅस कुणी मोठा ठेवलाय? दूध उतू जातंय की!"

बहीण रडली. मग चिडली, कारण पातळांच्या घड्या परत उलगडायच्या होत्या. त्या तिने स्वतःच उलगडून कपाटात लावल्या, कुणाला हात लावू दिला नाही, आणि दुपारच्या एसटीने एकटी वाडीला गेली.

ती गेल्यावर मी आईजवळ बसलो. विचारावं की नाही, ठरत नव्हतं. तिनेच काढलं.

"तू मोजलास म्हणतोस, अठरा."

"हो."

"त्यातली एक लाकडाची न्हाय," ती म्हणाली. हे तिने भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगितलं. मग पाय वर घेऊन, भिंतीला टेकून बसली आणि बर्फीचा तुकडा तोंडात टाकला.

आता आम्हाला इथे राहून बरेच महिने झाले. आई घरभर हिंडते. भुवईवरची खोक भरली, पुन्हा पडली नाही. चौकात बसते, कोनाड्यातली पणती लावते, सोप्यात आलेल्या-गेलेल्याला मोठ्याने विचारते, "कोण पावणं?" लोक घर बघायला येतात. चौक बघून, खाचांची पट्टी बघून म्हणतात, छान कल्पना आहे, आम्हीही करू. मी बाईंचा नंबर देतो. बायको स्वयंपाकघरात जाताना चौकातून, उन्हातून जाते, लांब भिंतीच्या कडेने जात नाही. मी त्या कडेने जातो, पण हात खिशात घालून आणि समोर बघत.

परवा भर दुपारी बहिणीचा फोन आला. मी सोप्यात होतो, तिथून चौकापलीकडची भिंत सगळी दिसते.

"आई काय करती?" तिने विचारलं.

"चालली आहे. स्वयंपाकघराकडे."

आई आता मोजत नाही. ओठ हलत नाहीत. कोपऱ्याजवळ आली तेव्हा या वेळी मी बघत होतो. तिचा हात पट्टीवरून उचलला गेला, बोटं अर्धी मिटली, आणि हात थोडा पुढे ओढल्यासारखा झाला. ती त्याच्या मागून गेली. मान एका बाजूला, बोलणं ऐकताना असते तशी. मग हात पुन्हा लाकडाला टेकला.

"एकटी हिंडती न्हवं?" बहीण म्हणाली. "कुणी धराय लागत न्हाई न्हवं?"

आजवर लेखी किंवा तोंडी, जे तपासलं नाही ते मी कधी सांगितलेलं नाही.

"आमच्यापैकी कुणी धरत नाही," मी म्हटलं.

बहिणीचं तेवढ्यावर समाधान झालं.